पायपेटीला दिलेली जोड

कार्तिक लागला, शेते रिकामी झाली, की पेडणे महालातील देवळांच्या अंगणांत दशावताराच्या रात्री सुरू होतात. गणपतीचे आगमन, संकासुराची थट्टा, पहाटेची दहीहंडी, आणि या सर्वांना सुराचा आधार देणारी, रंगभूमीच्या एका कडेला आपल्या लाकडी पायांवर उभी असलेली पायपेटी, हा देखावा आमच्यापैकी अनेकांनी लहानपणी डोळे चोळीत पाहिला आहे. वादक बाकावर बसलेला असतो. त्याचे दोन्ही पाय खालच्या फळ्या आळीपाळीने दाबीत असतात आणि दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे असतात. पात्र रागावले की पेटी गरजते, पात्र रडू लागले की पेटी हलक्या आवाजात बोलू लागते. प्रेक्षकांचे लक्ष पात्रांकडे असते, फार तर वादकाच्या बोटांकडे. त्याच्या पायांकडे कोणी पाहत नाही. मीही कधी पाहिले नव्हते.

गेल्या वर्षी मात्र डिचोली महालातील एका देवस्थानच्या सभेत मला त्या पायांचा विचार करावा लागला. देवस्थानच्या कोठीत एक जुनी पायपेटी पुष्कळ वर्षे पडून होती. वस्तूंच्या यादीत तिची नोंद ‘पायपेटी १, मोडकी’ अशी होती. ती विकून टाकावी आणि भजनासाठी विजेवर चालणारा नवा कीबोर्ड घ्यावा, असा ठराव काही तरुण महाजनांनी मांडला होता. आमच्या देवस्थानांचा कारभार १९३३ च्या नियमावलीप्रमाणे चालतो. तिच्या अन्वये मामलेदार हा देवालयांचा प्रशासक असतो, आणि देवाची वस्तू कोणा एकाच्या लहरीने विकता येत नाही. म्हणून कायद्याचे मत देण्यासाठी मला बोलावण्यात आले होते.

ठराव मांडणारांचा हेतू वाईट नव्हता. गाणारे तीन, तिघांच्या पट्ट्या तीन, पेटी मोडलेली, मंडपात ध्वनिवर्धक लागलेला. कीबोर्डाची एक कळ दाबली की पट्टी बदलते, दुसरी दाबली की तंबोरा वाजतो, आवाज थेट ध्वनिवर्धकात जातो. मग जुन्या लाकडाला कवटाळून का बसावे? हा प्रश्न रास्त होता, आणि त्याला केवळ भावनेचे उत्तर देणे हे वकिलाला शोभणारे नव्हते.

त्यातून मला स्वतःला एक जुना दोष सलत होता. वीस वर्षांपूर्वी सनद नवी असताना दुसऱ्या एका देवस्थानच्या ‘निरुपयोगी वस्तूंच्या विक्री’चा मसुदा मीच केला होता. त्या यादीतही एक पायपेटी होती. मसुदा निर्दोष होता. एकाही शब्दावर कोणी आक्षेप घेतला नाही. पुढे काही वर्षांनी ती पेटी मला किनाऱ्याकडील एका हॉटेलाच्या दिवाणखान्यात दिसली. तिच्यावर फुलदाणी ठेवली होती. मी सहज पट्टी दाबली. आवाज आला नाही. आतले सूर कोणीतरी काढून विकले होते, उरला होता तो केवळ खोका. त्या दिवशी ‘निरुपयोगी’ हा शब्द मी किती सहज लिहिला होता हे मला कळले. म्हणून या वेळी मत देण्यापूर्वी मी आठ दिवसांची मुदत मागितली आणि पेटीचा इतिहास वाचावयास बसलो.

हा इतिहास मोठा उद्बोधक आहे. पेटीचा आत्मा म्हणजे पितळेची एक पातळ जीभ. वारा लागला की ती आपल्या चौकटीत मोकळी थरथरते आणि सूर निघतो. ही युक्ती युरोपची नव्हे. चीनमधील ‘शेंग’ नावाच्या वाद्यात ती फार प्राचीन काळापासून आहे. युरोपात ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली, आणि पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँ या कारागिराने १८४२ मध्ये ‘हार्मोनियम’ या नावाने आपल्या वाद्याचे पेटंट घेतले. ते पायांनी चालणारे वाद्य होते. खेड्यापाड्यांतील ज्या लहान चर्चना नळ्यांचा प्रचंड ऑर्गन परवडत नसे, त्यांच्यासाठी ही सोय होती. म्हणजे परवडणारे वाद्य हीच पेटीची जन्मापासूनची ओळख आहे.

परंतु स्वस्त म्हणून ते वाद्य मुके नव्हते. त्यात ‘एक्स्प्रेशन’ नावाची एक खुंटी असे. एरवी पायांनी भरलेला वारा आधी एका साठवणीच्या भात्यात जातो व तेथून सारख्या दाबाने सुरांकडे येतो. ही खुंटी ओढली की ती साठवण बंद होते आणि पायाचा दाब थेट सुरापर्यंत पोहोचतो. पाय हलका तर सूर हलका, पाय जड तर सूर जड. पुढे अमेरिकेत वारा आत ओढून घेणारे जे ऑर्गन निघाले, त्यांत गुडघ्याने बाजूला सारावयाची एक दांडी बसवीत. तिने आवाज वाढे वा उतरे. दशावतारातील पेटी पात्राबरोबर गरजते आणि विरघळते, त्याचे रहस्य बोटांत नसून पायांत आहे, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी समजले.

हे वाद्य साहेबांबरोबर व मिशनऱ्यांबरोबर हिंदुस्थानात आले. येथे त्याची पहिली अडचण झाली ती बैठकीची. आमचे गाणे जमिनीवर मांडी घालून चालते; खुर्चीवर बसून पाय हलविणारा वादक त्या बैठकीत शोभत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी, ज्यांची ‘द्वारकिन’ ही पेढी प्रसिद्ध आहे, भाता पेटीच्या पाठीमागे आणला व तो हाताने चालण्याजोगा केला. पाय गेले, आतल्या वाऱ्याच्या गुंतागुंतीच्या वाटा गेल्या, पेटी हलकी व स्वस्त झाली आणि बैठकीवर आली. आज घरोघर दिसणारी हातपेटी ती हीच.

पण प्रत्येक सोयीला किंमत असते. पायांचे काम डाव्या हाताकडे आले, म्हणून डावा हात पट्ट्यांवरून उठला. दोन हातांचे वाद्य एका हाताचे झाले. कारागिरांनी ही हानी निमूटपणे सोसली नाही. त्यांनी पट्ट्यांखाली तारेच्या व लाकडाच्या लहान लहान दांड्या बसविल्या. एक पट्टी दाबली की तिच्याच नावाची दुसऱ्या सप्तकातली पट्टी आपोआप दबते. ही युक्ती परदेशी ऑर्गनातही होती, पण आमच्याकडे तिला वेगळाच अर्थ आला. हिला पेटीवाले ‘कपलर’ म्हणतात. मला तर तो हरवलेल्या डाव्या हाताचा लाकडी वारसदार वाटतो. तसेच, तंबोरा बाळगणे व छेडणाऱ्याला बसविणे प्रत्येक भजनी मंडळाला शक्य नसते. म्हणून काही सूर सतत वाजत राहतील अशा खुंट्या पुढच्या बाजूस बसविल्या. खर्ज, नर व मादी असे सुरांचे दोन किंवा तीन संच घालून आवाजाला भरीवपणा दिला. सुरुवातीस हे सूर परदेशांतून येत. पुढे सौराष्ट्रातील पालिताणा हे गाव सुरांच्या कारागिरीसाठी देशभर नावाजले गेले.

या सर्व सुधारणांत एक सूत्र आहे, आणि ते मला कायद्याच्या भाषेत चटकन उमगले. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. दुसऱ्याच्या वस्तूचा ताबा असताना तिच्यात केलेल्या सुधारणांचे तीन प्रकार त्या संहितेने, रोमन कायद्याला अनुसरून, सांगितले आहेत. पहिली आवश्यक सुधारणा, जिच्यावाचून वस्तूच नष्ट होईल. दुसरी उपयुक्त सुधारणा, जिने वस्तूचे मोल वाढते. तिसरी केवळ शोभेची. आवश्यक सुधारणेच्या खर्चाविषयी वाद नसतो. बाकीच्यांच्या बाबतीत एक महत्त्वाचा प्रश्न विचारला जातो: मूळ वस्तूला इजा न करता ही जोड काढून घेता येईल काय?

देवाच्या वस्तूला हा न्याय अधिकच लागू पडतो. आम्ही महाजन त्या वस्तूचे मालक नव्हे, ताबेदार आहोत. भाता शिवणे, सुरांवरची धूळ काढणे, उतरलेले सूर मिळविणे, ही आवश्यक सुधारणा. कपलर, पट्टी बदलण्याची सोय, ध्वनिवर्धकाची जोड, ही उपयुक्त सुधारणा. आणि कित्येक पेट्यांवर सूर थरथरविण्याच्या नावाने जी एक खुंटी असते व जिच्याने प्रत्यक्षात फारसे काही घडत नाही, ती तिसऱ्या वर्गातली. ही वर्गवारी केली की कोठे पैसा खर्चावा आणि कोठे खर्चू नये हे अर्धेअधिक ठरून जाते.

आता पट्टी बदलण्याच्या सोयीचाच विचार करू, कारण ठरावाचा मुख्य आधार तोच होता. एकाचा षड्ज काळी एकमध्ये, दुसऱ्याचा पांढरी चारमध्ये. वादकाला प्रत्येक वेळी बोटांची सारी मांडणी बदलावी लागते. यावर ‘स्केलचेंजर’ निघाला. यात पट्ट्यांची संपूर्ण फळी सुरांवरून डावीउजवीकडे सरकते. वादकाची बोटे तीच राहतात, खालचे सूर बदलतात. युक्ती खरोखर हुशारीची आहे. तथापि तिची किंमत दोन प्रकारची आहे. एक म्हणजे सरकणारे भाग वाढले की वारा गळण्याच्या जागा वाढतात आणि पेटी जड होते. दुसरी किंमत सूक्ष्म आहे. फळी कोठेही सरकवली तरी स्वरांतील अंतरे तीच राहावयाची असतील, तर सप्तकाचे बाराही भाग अगदी सारखे करावे लागतात. परंतु तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गांधार त्या सारख्या भागांत बसत नाही. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग कल्पिले, तर समान वाटणीचा शुद्ध गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे चौदा भागांनी चढा असतो. जो कारागीर एका षड्जाला धरून सूर गोड मिळवितो, त्याची मेहनत फळी सरकताच वाया जाते. ‘सर्वांची सोय’ आणि ‘एकाचा गोडवा’ यांतील हा वाद आहे, आणि तो कीबोर्ड घेतल्याने सुटत नाही. साध्या कीबोर्डावरही बाराच सारखे भाग असतात.

या चौदा भागांवरून आपल्या देशात शतकाहून अधिक काळ भांडण चालले आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. अर्नेस्ट क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या सहकार्याने बावीस श्रुतींची पेटी तयार करविण्यात आली, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर कडाक्याचा वाद झाला. पंडित भातखंडे यांचे मत त्या मांडणीच्या विरुद्ध होते. पेटी सुधारावी म्हणून केलेला तो प्रयत्न बुद्धिमान होता. परंतु इतके सूर असलेली पेटी वाजवावयाची कोणी आणि विकत घ्यावयाची कोणी, हा प्रश्न उरलाच.

इकडे पेटीचा व्यवहार परिषदांची वाट पाहत थांबला नव्हता. मराठी रंगभूमीने तिला आपलेसे केले. १९११ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः नामांकित पेटीवादक होते. गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांडे यांचा पायांनी चालणारा ऑर्गन प्रसिद्ध होता. मंगेशीचे मास्टर दीनानाथ १९१८ मध्ये निघालेल्या बळवंत संगीत मंडळीचे प्रमुख नट. जत्रेला देवळासमोर मराठी नाटक व्हावयाचे ही आमच्याकडील रीत. त्या वाटेने पेटी गोव्याच्या गावागावांत पोहोचली. डिचोली आणि पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत, पेडणे तर १७८८ मध्ये, पोर्तुगीज सत्तेखाली आले. जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकात देवळांचा जो विध्वंस झाला तो येथे झाला नाही. नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभारले, ते आजही उभे आहे. देवळे टिकली म्हणून उत्सव टिकले, आणि उत्सव टिकले म्हणून मृदंग-झांजेच्या शेजारी नव्या पेटीला बसावयास जागा मिळाली.

या प्रांताचे पेटीशी असलेले नाते आडनावांतूनही दिसते. पी. मधुकर या नावाने देशभर गाजलेले पेटीवादक म्हणजे मधुकर पेडणेकर. बेळगावचे थोर वादक म्हणजे विठ्ठलराव कोरगावकर. पेडणे आणि कोरगाव ही दोन्ही नावे आपल्याच महालातील. पी. मधुकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांचा जन्म १९३४ मध्ये फोंडा महालातील बोरी येथे झाला. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते निवर्तले. त्यांची एकल पेटी ज्यांनी ऐकली, त्यांना पेटीत मींड नाही हे वाक्य म्हणावयास थोडा वेळ लागतो.

तरीही ते वाक्य खरे आहे, आणि त्याचा पुरावा नाकारता येणार नाही. पट्टी दाबली की ठरलेला सूर निघतो. एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणे तिला जमत नाही. पेटीच्या सोयीमुळे सारंगीची जागा गेली, आणि सारंगीबरोबर ती जपणारी घराणीही मागे पडली, हेही खरे. याच कारणांसाठी आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून पेटीला आपल्या कार्यक्रमांतून बाहेर काढले. रवींद्रनाथांसारख्यांचाही पेटीला विरोध होता. गोव्यात त्या वेळी पोर्तुगीज राजवट होती. १९४६ मध्ये पणजीस ‘एमिसोरा द गोवा’ हे नभोवाणी केंद्र सुरू झाले, त्याला दिल्लीचा नियम लागू असण्याचे कारण नव्हते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि पणजीचे केंद्र आकाशवाणीत आले, तेव्हा पेटीवरील बंदी उठावयास अजून नऊ-दहा वर्षे अवकाश होता. १९७१ मध्ये ती काही मर्यादांसह शिथिल झाली. म्हणजे ज्या वर्षांत हे वाद्य देशाच्या नभोवाणीवर बहिष्कृत होते, त्याच वर्षांत आमच्या देवळांत त्याच्यावाचून आरतीनंतरचे भजन होत नव्हते. न्यायाधीश निकाल देत राहिले आणि लोक आपली पेटी वाजवीत राहिले.

विशेष असे की बंदीने जे साधले नाही ते पुन्हा जोडीनेच थोडेफार साधले. नागपूरकडचे मनोहर चिमोटे यांनी पेटीला स्वरमंडलाच्या तारा जोडल्या व तिला ‘संवादिनी’ हे सुंदर नाव दिले. मुंबईकडचे डॉक्टर विद्याधर ओक यांनी अलीकडच्या काळात बावीस श्रुतींची पेटी पुन्हा सिद्ध केली. तिच्यात षड्ज व पंचम अचल. उरलेल्या दहा पट्ट्यांना प्रत्येकी दोन सूर, आणि कोणता घ्यावयाचा ते खुंटी ओढून ठरवावयाचे. दहा दुणे वीस आणि दोन बावीस. देवलांच्या काळचा प्रश्न एका खुंटीच्या सोयीने सुटला. पट्ट्या वाढवाव्या लागल्या नाहीत, वादकाची बोटे जेथल्या तेथे राहिली.

येथे एका परदेशी उदाहरणाचा उल्लेख करतो. विजेची गिटार वाजविणारे लोक पायाशी लहान लहान पेट्या ठेवतात. त्यांतून जाताना गिटारीचा आवाज घुमतो, लाटांसारखा हेलावतो किंवा खरखरीत होतो. जुन्या काळच्या अशा पेट्या शुद्ध विजेच्या प्रवाहावर चालत, आकड्यांच्या गणितावर नव्हे. त्यांचा आवाज आजही वादकांना प्रिय आहे. अडचण एवढीच की त्यांच्या खुंट्या हाताने फिरवाव्या लागतात आणि वाजविताना हात मोकळे नसतात. त्यावर हौशी कारागिरांनी स्वस्त उपाय शोधला. प्रकाश पडला की ज्याचा विद्युत्‌रोध उतरतो असा एक लहान तुकडा मिळतो. तो आणि एक बारीक दिवा काळ्या नळीत समोरासमोर बंद करावयाचे, व तो तुकडा खुंटीच्या तारांना जोडावयाचा. पायाने वा यंत्राने दिवा मंद-प्रखर केला की जणू अदृश्य हाताने खुंटी फिरते. आवाजाची मूळ वाट जशीच्या तशी राहते. दिव्याचा प्रवाह तिच्यात मिसळत नाही. नको असेल तेव्हा दोन तारा सोडविल्या की पेटी पूर्ववत्. गंमत अशी की हे लोक ज्यासाठी धडपडतात, म्हणजे हात मोकळे ठेवून पायाने आवाजावर हुकमत चालविणे, ते आमच्या पायपेटीत पहिल्या दिवसापासून होते!

आठ दिवसांच्या मुदतीत मी आणखी एक गोष्ट केली. पेडण्याकडील एका वयस्क पेटी दुरुस्त करणाराला कोठीत आणले. त्यांनी मागची फळी काढली, आत विजेरी धरली, एक सूर काढून तोंडाने फुंकला आणि मला म्हणाले, “वकीलबाब, ही पेटी मरूंक ना, न्हिदल्या. भातो पिंजला, सूर बरे आसात.” मी कीबोर्डाची गोष्ट काढली, तेव्हा ते रागावले नाहीत. भजनाला कोणते वाद्य सोयीचे ते गाणारांनी ठरवावे, एवढेच म्हणाले. परंतु पेटी विकणाराने निदान तिचा आवाज एकदा ऐकून मग विकावी.

त्यांनी मला जे समजावून दिले ते अन्य देवस्थानांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे नमूद करतो. प्रथम भाता: फाटलेले कातडे व कापड बदलणे, वारा गळतो त्या जागा बंद करणे. मग सूर: ब्रशाने धूळ काढणे आणि उतरलेले वा चढलेले सूर मिळविणे. जिभेचे टोक किंचित घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. पण घासलेले पितळ परत येत नाही, म्हणून हे काम जाणत्याच्याच हातचे. तिघा गाणारांच्या पट्ट्यांसाठी सरकती फळी बसविण्याची गरज नाही. तिच्यासाठी जुनी पेटी आतून कापावी लागेल, आणि कापलेली पेटी पुन्हा पहिल्यासारखी होणार नाही. वादकाने तीन पट्ट्यांत बोटे फिरविण्याचा सराव करावा, हा सर्वांत स्वस्त ‘स्केलचेंजर’. तंबोऱ्यासाठी विजेवर चालणारी लहान तंबोरापेटी निराळी मिळते. ती शेजारी ठेवावी, पायपेटीला छिद्र पाडू नये. ध्वनिवर्धकासाठी लाकडाला चिकटवावयाची चकती स्वस्त असते, पण तिच्यातून पट्ट्यांची टकटकही मोठी होऊन ऐकू येते. त्यापेक्षा एक बारीक मायक्रोफोन पेटीच्या मागे, सुरांच्या तोंडाशी, वेगळ्या दांडीवर धरावा. या सर्वांचा खर्च सभेपुढे आला, तो कीबोर्डाच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाहून कमी होता.

माझे मत मी लेखी दिले. त्यात मी कीबोर्डाला विरोध केला नाही. देवाला जुनेच वाद्य आवडते असे कोणत्याही शास्त्रात मी वाचलेले नाही. मी एवढेच म्हटले की आवश्यक सुधारणा न करता वस्तूला निरुपयोगी ठरविणे हे ताबेदाराच्या कर्तव्याविरुद्ध आहे. आधी भाता शिवावा, पेटी वाजवून पाहावी, आणि मग तिच्याविषयी ठराव करावा. सभेत बरीच बाचाबाची झाली. दोन महाजनांना माझे म्हणणे वेळकाढूपणाचे वाटले, व तसे त्यांनी स्पष्ट सांगितले. अखेर दुरुस्तीचा खर्च मंजूर झाला आणि विक्रीचा ठराव एक वर्ष पुढे ढकलण्यात आला.

सप्ताहाच्या रात्री पेटी मंडपात आली. सुरुवातीस भात्याचा आवाज थोडा ऐकू येत होता, आणि एक सूर दोनदा अडकला. वादक तरुण होता. त्याला पायांची सवय नव्हती, म्हणून पहिल्या दोन अभंगांत सूर उगाच उसळत होता. तिसऱ्या अभंगाच्या सुमारास त्याचे पाय स्थिरावले. गाणाराने शेवटचे चरण अगदी हळू घेतले आणि पेटीही त्याच्याबरोबर हळू झाली. ध्वनिवर्धकाच्या कळीला कोणी हात लावला नव्हता. ठराव मांडणारांपैकी एकजण माझ्या शेजारी बसला होता. तो म्हणाला, “कीबोर्ड मात्र आम्ही घेणार आहोत हं.” मी म्हटले, “अवश्य घ्या. पण हिला कोठीत परत टाकू नका.” पुढच्या सभेत काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. वस्तूंच्या यादीतील ‘मोडकी’ हा शब्द मात्र चिटणिसांनी खोडला आहे, व त्याखाली रीतीप्रमाणे सही केली आहे.

वाचकांपैकी जे महाजन आहेत, त्यांना माझी विनंती आहे. आपल्या देवस्थानच्या कोठीत अशी एखादी पेटी असेल, तर वार्षिक सभेपूर्वी एक दुपार काढा, जाणता माणूस बोलवा आणि तिची मागची फळी उघडून पाहा. सूर शाबूत असतील तर भाता शिवा. जी जोड द्यावयाची ती अशी द्या की आपल्या नातवंडांना नको वाटली तर ती त्यांना काढता यावी. आणि विकण्याचाच निर्णय झाला, तर निदान वाजविणाराच्या हाती विका. दिवाणखान्यातील त्या फुलदाणीखालची पेटी माझ्या मसुद्याने तेथे गेली; दुसऱ्या कोणाच्या मसुद्याने दुसरी जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिले.